चिमूटची बोटं

कॉफीच्या कारखान्यात त्याला सगळे चिमूट म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं.

दळणाच्या यंत्राच्या तोंडाखाली तो हात धरायचा. पडत्या भुकटीतली चिमूटभर उचलायची, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर तीनदा घासायचं आणि सांगायचं, ‘जाड’ किंवा ‘बारीक’. तिसरं उत्तर नव्हतं. दळण बरोबर असलं की तो काहीच बोलायचा नाही. नव्या माणसाला हे कळायला आठवडा लागायचा. तो आपला उभा राहायचा, अजून काहीतरी सांगतील म्हणून.

मी भट्टीवर होतो, अडतीस वर्षं. तो दळणावर बत्तीस वर्षं. आमच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी. भाजायच्या फिरत्या ढोलात एका खेपेला पंधरा किलो कच्चा दाणा जायचा, दिवसाला चौदा ढोल निघायचे. मी भाजून, गार करून, घमेलं खिडकीत ठेवायचो. तो पलीकडून ओढून घ्यायचा. बोलणं फारसं नसायचं. ढोलाच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगावं असं आमच्याकडे काही नव्हतं.

बाहेरच्या बाजूला त्याची दुसरी खिडकी होती, गिऱ्हाइकांची. तिथे त्याचा एकच प्रश्न. “कशात करता?”

दळण भांड्यावर ठरतं. फडक्याच्या गाळणीला एक, दाबाच्या भांड्याला दुसरं, नुसतं उकळून पिणाऱ्याला तिसरं. जाड झालं तर पाणी धावत खाली जातं आणि कॉफी पाणचट होते. बारीक झालं तर पाणी वर तुंबून बसतं आणि कॉफी कडू होते. एवढंच शास्त्र. पण लोकांना आपलं भांडं सांगता येत नाही.

“कशात करता?”

“घरात करतो.”

“घर चुलीवर ठेवता का?”

एक बाई रागावून परत गेल्या आणि भांडंच घेऊन आल्या, आत सकाळचा चोथा तसाच. त्याने चोथ्यात बोट घातलं. म्हणाला, “दळण ठीक आहे. वरून चमच्याने कोण दाबतं?” बाई म्हणाल्या, “सासूबाई.” तो म्हणाला, “मग त्यांना पाठवा. दळण बदलून सासू बदलत नाही.” त्या बाई पुढे वीस वर्षं येत होत्या.

रोज काम संपलं की तो यंत्राच्या दोन्ही दातेरी चकत्या काढायचा. एकेक चार किलोची. लहान ब्रशने एकेक दाता झाडायचा आणि झाडताना मोजायचा. एका चकतीला बहात्तर दाते. पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला तो वीस मिनिटं लावायचा. मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा. पण त्याच्या आधीच्या माणसाच्या हातात चकत्या चार वर्षं टिकायच्या, याच्या हातात अकरा टिकल्या. मग मी त्यावरून बोलणं सोडलं.

त्याच्या यंत्राला जाड-बारीक करायची एक दातेरी कडी होती, पुढे फिरवली की बारीक, मागे फिरवली की जाड. तिच्यावरचे आकडे केव्हाच झिजून गेले होते. राहिली होती फक्त एक खाच. कारखाना सुरू झाला त्या दिवशी मोठ्या मालकांनी पहिलं दळण फडक्याच्या गाळणीसाठी लावलं आणि कडीवर, यंत्राच्या काट्यासमोर, स्वतः कानशीने खाच पाडली. चिमूट ती खाच रोज पुसायचा, पण तिच्यावर विसंबायचा नाही. “खाच पोलादाची आहे,” म्हणायचा. “दाणा रोज वेगळा असतो.”

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. चहाचा कप सुटला, मग किल्ल्या सुटल्या. बत्तीस वर्षं एकच हात एकाच कोनात वाकवल्यावर मनगटातली नस दबली होती. ती मोकळी करायला मनगटावर शस्त्रक्रिया करावी लागली. जखम भरली, पकड आली, पण अंगठा आणि पहिलं बोट बधिर राहिलं. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईल, वर्ष लागेल, किती येईल ते सांगता येत नाही.

त्याने निवृत्ती घेतली. बोटांचं दोघांनाच सांगितलं, मला आणि थोरल्या बहिणीला. तो तिच्याकडेच राहतो. माई म्हणतो तिला, म्हणून मीही माई म्हणतो.

माईंनी उपाय काढला. टेबलावर पाच बशा मांडायच्या. एकीत बारीक मीठ, एकीत जाडं मीठ, एकीत साखर, दोहोंत दोन तऱ्हेची रेती. याने डोळे मिटून बोटांनी ओळखायचं. सकाळ-संध्याकाळ. पहिल्या महिन्यात पाचांपैकी एक बरोबर यायचं, तेही नशिबाने. आठव्या महिन्यात चार येऊ लागले. पाच कधी आले नाहीत.

“रेती आणि साखर एकच लागते,” तो मला म्हणाला.

माई आतून म्हणाल्या, “चाखून बघ म्हणजे कळेल.”

अशात धाकट्या ताईंचा निरोप आला. मोठे मालक गेल्यापासून कारखाना त्या बघतात. वय पन्नाशीच्या पुढे, पण आम्हाला त्या धाकट्याच. कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. वडिलांच्या स्मरणार्थ एक भाजणी करायची, त्यांच्या पहिल्या भाजणीसारखी हुबेहूब. तोच जुना ढोल, तेच जुनं दळणयंत्र, तीच दाण्याची जात. साठ किलोचं पोतं आणलं होतं. चार ढोल. एक चाचणीसाठी, तिघांची दीडशे पाकिटं, जुन्या गिऱ्हाइकांना आणि कामगारांना वाटायला. बहुतेकांच्या घरी अजून फडक्याची गाळणी, म्हणून कॉफी दळूनच द्यायची. शनिवारी कार्यक्रम. लेबलं छापून तयार होती. खाली दोन ओळी होत्या. भाजणी: भट्टीवाला. दळण: चिमूट.

मी ते लेबल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने वाचलं आणि पालथं घातलं.

“मी येत नाही.”

“का?”

“दीडशे घरांत माझ्या नावाने खराब कॉफी जायची. बत्तीस वर्षांत एकाही घरात गेली नाही.”

“खराब कशावरून?”

त्याने दोन बोटं माझ्या नाकासमोर धरली. “यांना विचार.”

माई म्हणाल्या, “आठ महिने माझ्या मिठात बोटं घालून बसलायस. आता बाहेर कुठेतरी घाल. जा म्हणते ना.”

तो आला. माईंपुढे त्याचं कधी चाललं नाही.

सोमवारी मी चाचणीचा ढोल भाजला. आता माझी चूक सांगतो.

ऑफिसच्या कपाटावर काचेची एक बरणी आहे. पहिल्या भाजणीतले मूठभर दाणे मोठ्या मालकांनी तिच्यात ठेवले होते. कारखान्यात त्या बरणीला देवासारखा मान. ताईंनी ती खाली काढली, पुसली आणि ढोलाशेजारी ठेवली. “भट्टीकाका, असा रंग.”

मी रंगावर कधी भाजलं नाही. मी कानावर भाजतो. दाणा एका वेळी कडकडू लागतो, मोठ्या आवाजात, वाळकी काटकी मोडावी तसा. तो आवाज विरळ झाला की ढोल उघडायचा. पुढे थांबलं तर दुसरा, बारीक, चरचर आवाज येतो. तिथे तेल बाहेर येतं आणि दाणा जळायला लागतो. मोठ्या मालकांनी त्या दोन आवाजांच्या मध्ये काढायला मला शिकवलं होतं.

त्या दिवशी पहिला आवाज विरळ झाला. कान म्हणाला, काढ. मी नमुन्याच्या चमच्यातला दाणा बरणीशी लावून पाहिला. बरणीतला काळा, माझा तांबूस. डोळा म्हणाला, थांब. मी डोळ्याचं ऐकलं, कारण बरणी मालकांची होती. दोन मिनिटं थांबलो. चरचर सुरू झाली तेव्हा रंग जुळला. मी ढोल उघडला आणि स्वतःवर खूश झालो.

भाजलेल्या दाण्याला एक दिवस विसावा लागतो, तो आतली वाफ सोडतो. म्हणून दळण मंगळवारी. चिमूटने यंत्र उघडून चकत्या झाडल्या, बहात्तर अधिक बहात्तर दाते मोजले, कडी खाचेवर आणली, मूठभर दाणे टाकले. चिमूट घासली.

“बारीक.”

कडी एक दाता मागे. पुन्हा चिमूट. “बारीक.” अजून एक दाता मागे. मग तो काही बोलला नाही.

ताई म्हणाल्या, “चिमूटकाका, खाच तर तिकडे राहिली.”

“बोटं इथे सांगतात.”

पण आवाजात जोर नव्हता. त्याने एक किलो दळून दिलं. पॅकिंगवाली ते घेऊन आतल्या खोलीत गेली, फडक्यातून गाळून चार कप घेऊन आली. गाळताना आम्ही कोणी पाहिलं नाही. एरवी चिमूट गाळणीशेजारी उभा राहून पाणी उतरायला लागणारा वेळ मोजायचा. त्या दिवशी तो खुर्चीत बसून आमची तोंडं बघत होता.

कॉफी कडू होती. चांगल्या अर्थाने नाही. पॅकिंगवालीची जीभ कारखान्यात सगळ्यात सरळ. ती म्हणाली, “जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर? डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

कोणी हसलं नाही. चिमूटने कप खाली ठेवला.

“कडू म्हणजे बारीक,” तो म्हणाला. “दोन दाते उघडूनही बारीकच राहिली. बोटांना कळलंच नाही.”

“अजून एक दाता उघडून बघू या,” मी म्हणालो.

“एक की चार? मला सांगता येत नाही. तेच तर.”

ताईंनी चांगल्या मनाने म्हटलं, “काका, वाईट वाटून घेऊ नका. नाहीतर आपण अख्खा दाणाच देऊ. ज्याचा तो दळून आणेल.”

हे त्याला फार लागलं असावं. त्याने यंत्र बंद केलं. बोटं फडक्याला पुसली, एकेक करून, जणू दुसऱ्याची. “लेबलावरची माझी ओळ कापा,” म्हणाला आणि गेला. चकत्या झाडल्या नाहीत. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी त्या झाडायला बसलो आणि एकतीसच्या पुढे मोजणं चुकलो.

दळलेल्यातली पावभर मी घरी आणली. फेकायची कशाला? बायकोने दुपारी आमच्या गाळणीत घातली. मी खुर्चीत बसलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते. तिने कप समोर ठेवला, स्वतः एक घोट घेतला.

“कारखान्यात आग लागली होती का?”

“दळण बारीक झालंय,” मी म्हणालो. “चिमूटची बोटं गेली.”

“बारीक कुठे? बारीक असती तर अजून गळत बसली असती. मी फडकं धरलं, पाणी ओतलं, उतरलीसुद्धा. नेहमीसारखी. दळणाला काही झालेलं नाही, तुमची कॉफी जळकी आहे.”

“जळकी?”

“वासच सांगतोय. अहो, भाजली कोणी?”

मी कप तसाच ठेवून उठलो.

कडू दोन तऱ्हेने होते. दळण बारीक असलं तर पाणी तुंबतं आणि कडू होतं. दाणा जळला तर पाणी कसंही उतरो, कडूच होतं. पाणी वेळेत उतरलं होतं. म्हणजे दळण बरोबर होतं. आणि दळण बरोबर होतं म्हणजे बोटं बरोबर होती. जास्त भाजलेला दाणा ठिसूळ होतो, त्याच चकत्यांत तो जास्त फुटतो. खाचेवर तो बारीकच पडणार. चिमूटच्या बोटांनी ते पकडलं आणि कडी दोन दाते मागे नेली. माझ्या डोळ्यांनी जे सोडलं ते त्याच्या बधिर बोटांना लागलं.

तो चौथ्या मजल्यावर राहतो. अडुसष्ट पायऱ्या. माझ्या गुडघ्यांना त्या महिन्यातून एकदा परवडतात. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा चढलो.

माईंनी दार उघडलं. “बरं झालं आलात. सगळ्या बशा उलट्या करून बसलाय. मीठ मला गोळा करायला लावलं.”

तो खिडकीशी होता.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“भट्टीची चूक तू बत्तीस वर्षांत कधी कबूल केली नाहीस.”

“आज करतोय. नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही.”

मी सगळं सांगितलं. बरणी, दोन मिनिटं, बायकोचं फडकं. खिशातून त्या ढोलाचे चार दाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने एक दाणा अंगठ्याखाली दाबला. ताज्या, नीट भाजलेल्या दाण्याला जोर द्यावा लागतो. हा बिस्किटासारखा फुटला. त्याने दुसरा फोडला. तिसरा फोडला. चौथा माईंनी उचलून घेतला. “पुरे. पलंगपोस धुतलाय आजच.”

त्याने चुरा दोन बोटांत घासून पाहिला.

“म्हणजे...”

“म्हणजे तुझी बोटं शाबूत आणि माझे डोळे गेले.”

“दोघांची डोकी गेली,” माई म्हणाल्या. “बसा, पाणी आणते.”

“एकदा जमलं असेल,” तो म्हणाला. “चुकून लागलं असेल.”

“मग उद्या मी पुन्हा भाजतो. परवा तू दळ. चुकून दोनदा लागत नाही.”

बुधवारी सकाळी मी आधी ताईंकडे गेलो आणि बरणीतला एक दाणा मागितला. त्यांना ते आवडलं नाही, पण दिला. तो मी त्यांच्या टेबलावर फोडला. बाहेरून काळा, तेलकट. आतून तांबूस, माझ्या कानाने काढला असता तसाच. पन्नास वर्षांत तेल बाहेर येऊन वर काळं झालं होतं. ताई दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत राहिल्या. मग हसल्या. “बाबा असते तर तुम्हाला म्हणाले असते, कान भाड्याने दिले होते का?”

“त्याहून वाईट म्हणाले असते,” मी म्हणालो.

बरणी कपाटावर परत गेली. मी तिन्ही ढोल डोळे ढोलावर न ठेवता भाजले, कान देऊन. पंचेचाळीस किलो. पहिला आवाज विरळ झाला की उघडला, तिन्ही वेळा. गार करायचं फावडं मी स्वतः चालवलं. खांदा दोन दिवस दुखला. दुखू दे. चूक माझी होती.

गुरुवारी चिमूट आला. चकत्या झाडल्या. मग पॅकिंगवालीकडे चिकटपट्टी मागितली.

“कशाला?”

“कडी झाकायला. खाच दिसली की मन तिकडे जातं.”

तिने कडीवर पट्टी गुंडाळली, खाच दिसेनाशी झाली. त्याने कडी पूर्ण मागे फिरवली, मोजता येऊ नये म्हणून दोन-तीनदा पुढे-मागे केली. मूठभर दाणे टाकले. चिमूट घासली.

“जाड.”

कडी पुढे.

“जाड.”

ताई दारात उभ्या होत्या. पॅकिंगवालीच्या हातात गाळणी.

“जाड.” थोडी पुढे. “जाड.” केसभर पुढे. त्याने अंगठा आणि बोट तीनदा घासलं. परत तीनदा. डोळे मिटले.

आणि तो काही बोलला नाही.

ताई मला हळूच म्हणाल्या, “काय झालं? का थांबले?”

“झालं,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

मी पट्टी सोडवली. यंत्राचा काटा खाचेवर होता. शेजारी नाही, जवळ नाही, खाचेवर. पन्नास वर्षांपूर्वी मोठ्या मालकांनी कानशीने पाडलेल्या खाचेवर.

त्याने वाकून पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं, जवळचं त्याला चष्म्याशिवाय नीट दिसतं. मग तो यंत्राला टेकला आणि तोंडाने एक लांब श्वास सोडला, पोतं उतरवल्यावर माणूस सोडतो तसा.

“जीव भांड्यात पडला,” पॅकिंगवाली म्हणाली. “आता बाजूला व्हा, कॉफी पडू दे.”

या वेळी तो गाळणीशेजारी उभा राहून पाणी मोजत होता. वेळेत उतरलं. पॅकिंगवालीने घोट घेतला, कपाळाला आठी घातली नाही, दुसरा घोट घेतला आणि कप खाली ठेवायला विसरली. ताई कप घेऊन खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या वळल्या तेव्हा डोळे ओले होते, पण म्हणाल्या एवढंच, “ओळ कापायची नाही.”

दीडशे पाकिटं आम्ही त्या दिवशीच भरली. तो दळत होता, मी घमेली उचलत होतो, भिंतीतल्या खिडकीतून. दर पाचव्या पाकिटाला चिमूट घासत होता. कडी एकदाही हलवली नाही. शेवटी त्याने चकत्या काढल्या, ब्रशने झाडल्या, आणि दाते डोळे मिटून बोटाने मोजले. बहात्तर. दुसरीही बहात्तर. वीस मिनिटं लागली. मी घाई केली नाही.

जळका ढोल वाया गेला नाही. ज्यांना दूध घालून आवडते त्यांनी नेला. माझी बायको अजून तीच पिते आणि कोणी आलं की सांगते, “ही आमच्या यांची खास भाजणी.”

शनिवारचा कार्यक्रम झाल्यावर मी त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. अडुसष्ट पायऱ्या, तिसऱ्यांदा. माई बशांतलं मीठ डब्यात ओतत होत्या. त्याने जाता जाता डब्यात बोट घातलं, चिमूट घासली.

“या वेळी जाड आलंय,” म्हणाला.

“स्वयंपाक मी करते,” माई म्हणाल्या. “हात धू.”